वाटी आपली, रस्सा सर्वांचा

मुंबईहून उत्तरेस निघालेली आगगाडी भुसावळ सोडते आणि तापीच्या काळ्याभोर खोऱ्यातून, दोन्ही अंगांस पसरलेल्या केळीच्या बागा मागे टाकीत धावू लागते. सावदा गेले, रावेर गेले, की महाराष्ट्राची हद्द संपते आणि थोड्याच वेळात बुऱ्हाणपूरचे स्थानक येते. नकाशावर हे शहर मध्य प्रदेशात आहे. पूर्वी ते खांडवा जिल्ह्यात मोडत असे. २००३ साली त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. परंतु बाजारातून चार पावले चालावे, तो हिंदी आणि उर्दूच्या जोडीला खानदेशी वळणाची मराठीही कानी पडते. केळीचा व्यापारी, मागावरचा विणकर, आठवड्याच्या बाजारासाठी आलेला शेतकरी, अशा नाना तऱ्हेच्या माणसांनी येथील रस्ते गजबजलेले असतात.

प्रवासी या गावी येतात ते बहुधा इतिहासासाठी. शहाजहान बादशहाची बेगम मुमताजमहल १६३१ साली येथेच निवर्तली व तिचा देह आग्र्यास नेण्यापूर्वी तापीपलीकडे झैनाबादेस ठेवला होता, ही गोष्ट मार्गदर्शक प्रत्येकास सांगतो. शाही हमाम, जामा मशीद, जवळचा असीरगडाचा दुर्ग, यांचीही वर्णने पुष्कळ झाली आहेत. आम्ही मात्र आज वाचकांस बुऱ्हाणपूरच्या पाकशाळेत नेणार आहोत, आणि तेही जरा आडवाटेने, म्हणजे चीन देशावरून! ही वाट आडवी असली तरी तोडून मोडून जोडलेली नाही, हे पुढे ध्यानात येईलच.

इतर शहरांप्रमाणे येथेही दिवेलागणीनंतर गाड्यांवर 'चायनीज' मिळते. मोठ्या आचेवर कढई खणखणते, शेवया उडतात, लालभडक सॉस पडतो आणि शाळा-कॉलेजांतील मुले भोवती उभी राहतात. खऱ्या चिनी माणसाला हे आपल्या देशाचे अन्न म्हणून ओळखता येईल की नाही, याची शंकाच आहे. कारण आले, लसूण आणि हिरवी मिरची यांनी त्याचे पुरते भारतीयीकरण झालेले आहे. परंतु खुद्द चीनमध्ये सध्या सामान्य माणसाचे जे आवडते जेवण आहे त्याची रीत निराळी, आणि आपल्याला विचार करावयास लावणारी आहे. त्याचे नाव 'मालातांग'. या तीन अक्षरांचा अर्थ असा: पहिले अक्षर जिभेला येणाऱ्या बधिरपणाचे, दुसरे तिखटाचे आणि तिसरे चटका देणाऱ्या उष्णतेचे.

या खाणावळीत शिरल्यावर कोणी वाढपी पुढे येत नाही. एका बाजूस फडताळावर पालेभाज्या, कोबी, बटाट्याच्या चकत्या, अळंबी, सोयाबीनचे पनीर, नाना प्रकारच्या शेवया, मांसाचे काप, माशांचे गोळे, अंडी असे सारे मांडून ठेवलेले असते. गिऱ्हाइकाने एक मोठा वाडगा व चिमटा घ्यावा आणि आपल्याला रुचेल ते त्यात भरावे. भरलेला वाडगा काट्यावर चढतो. पदार्थ कोणता हे न पाहता बहुधा एकाच दराने वजनाचे पैसे होतात. मग तो माल आत जातो, उकळत्या रश्श्यात शिजतो, आणि तिखट किती हवे एवढे विचारून वाफाळता वाडगा समोर येतो. शेजारच्याच्या वाडग्यात काय आहे याच्याशी आपला संबंध नाही. दहा माणसे बसली तर दहा जेवणे निराळी; रस्सा मात्र एकाच पातेल्यातला.

मालातांगचे मूळ सेचुआन प्रांतातील नद्यांच्या काठी आहे असे सांगतात. यांगत्सेच्या प्रवाहाविरुद्ध नावा ओढणारे मजूर किनाऱ्यावर दगडांची चूल मांडीत, नदीचे पाणी भांड्यात घेत आणि मिळेल तो भाजीपाला मसाल्यासह त्यात उकळून दमट थंडीत अंगात ऊब आणीत. तेथून ही रीत शहरांत आली, आणि ईशान्य चीनमधील दुकानदारांनी तिला आजचे वजनाच्या काट्याचे रूप दिले. २०२४ सालच्या मार्च महिन्यात कान्सू प्रांतातील तिएनश्वी या गावच्या मालातांगची कीर्ति एकाएकी देशभर पसरली आणि एरवी शांत असणाऱ्या त्या गावी खवय्यांची झुंबड उडाली. तेथील जाडसर, हातांनी केलेल्या बटाट्याच्या शेवया आणि जवळच्या कान्कू भागातील लाल मिरची यांची ती करामत होती.

कोकणातल्या वाचकांस आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. जिभेला बधिर करणारा जो मसाला त्या रश्श्यात असतो, तो आपल्या तिरफळाचा सख्खा भाऊ होय. बांगड्याच्या आमटीत आपण जी तिरफळे टाकतो, त्यांचे झाड आणि सेचुआनच्या त्या मिरीचे झाड एकाच कुळातले आहे. तिरफळ दाताखाली आले म्हणजे ओठांवर जी झिणझिण उठते, तीच तेथे हजारो माणसे हौसेने विकत घेतात. राहिली लाल मिरची. ती तर ना त्यांची ना आपली. ती अमेरिका खंडातून निघाली. पोर्तुगीजांच्या गलबतांतून सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यास लागली, आणि चीनमध्ये तिचा पहिला लेखी उल्लेख १५९१ सालच्या एका ग्रंथात आढळतो. आज तिच्यावाचून खानदेशी वांग्याचे भरीत नाही आणि सेचुआनी रस्साही नाही. कोणतेही अन्न 'आमचेच' म्हणून मिरविण्यापूर्वी एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

आता बुऱ्हाणपूरचा आणि त्या कान्सू प्रांताचा संबंध सांगतो. फारुकी घराण्यातील नासिरखानाने १४०० च्या सुमारास हे शहर वसविले आणि संत बुऱ्हाणुद्दीन यांचे नाव त्यास दिले. सुरतेहून आग्र्यास जाणारे व्यापारी येथे मुक्काम करीत. इंग्रजांचा वकील सर टॉमस रो १६१५ साली येथे शहाजादा परवेझ यास भेटला. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए यानेही या गावाचे वर्णन लिहून ठेवले आहे. त्यांच्याही आधी, अकबराने असीरगडास वेढा घातला तेव्हा, त्याच्या छावणीत येशूसंघाचे फादर जेरोम झेवियर आणि ब्रदर बेंतो द गोइश हे दोघे होते. जानेवारी १६०१ मध्ये गड पडला. त्यानंतर बादशहाने गोव्यास जो वकील पाठविला त्याच्याबरोबर ब्रदर गोइश निघाले, आणि गोव्यास पोहोचल्यावर त्यांच्यावर एक विलक्षण कामगिरी सोपविण्यात आली.

त्या काळी युरोपियनांना एक कोडे पडले होते. मार्को पोलोने वर्णिलेला 'कॅथे' देश आणि समुद्रमार्गे गाठलेला चीन हे दोन देश की एकच? याचा उलगडा खुष्कीच्या मार्गाने जाऊनच होण्यासारखा होता. अझोर्स बेटांत जन्मलेले, एके काळी शिपाईगिरी केलेले हे ब्रदर १६०२ च्या ऑक्टोबरात आग्र्याहून निघाले. आर्मेनियन व्यापाऱ्याचा वेष, कमरेला समशेर, आणि 'अब्दुल्ला' हे नाव! लाहोर, काबूल, पामीरचे बर्फाळ पठार, यार्कंद अशी मजल दरमजल करीत १६०५ च्या अखेरीस ते चीनच्या तटबंदीच्या आत शिरले आणि कान्सूतील सूचौ या गावी अडकून पडले. पेकिंगहून फादर मात्तेओ रिच्ची यांनी त्यांच्याकडे माणूस धाडला. तो पोहोचला तेव्हा गोइश अंथरुणाला खिळले होते. ११ एप्रिल १६०७ रोजी त्यांनी देह ठेवला. कोडे मात्र सुटले होते: कॅथे म्हणजेच चीन. तापीकाठच्या छावणीतून निघालेल्या या माणसाची यात्रा जेथे संपली, त्याच प्रांतातील एका गावाचा रस्सा आज जगभर बोलला जातो. ज्या वाटेने हा यात्रिक गेला त्या वाटांनी तांडेही येत जात. आणि तांड्याबरोबर मालाखेरीज शिदोरीही प्रवास करते.

आता पुन्हा बुऱ्हाणपुरी येऊ. आपली वाटी आपण भरावयाची आणि त्यावर सर्वांसाठी शिजलेला रस्सा ओतावयाचा, ही रीत आपल्याला परकी आहे काय? मुळीच नाही. या शहराच्या भोवतालच्या मराठी खेड्यांत आणि पलीकडे साऱ्या खानदेशात ती घरोघर चालते. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी ताटात कुस्करावयाची, भाजलेला कांदा व सुके खोबरे वाटून केलेल्या काळ्या मसाल्याचा रस्सा तिच्यावर ओतावयाचा, वर कच्चा कांदा फोडून घ्यावयाचा, लिंबू पिळावयाचे. कोणाला तर्री अधिक, कोणाला बेताची. वरण-बट्टीचेही तसेच. बट्टी फोडून चुरावी, तिच्यावर तूप सोडावे आणि वरणाने ती बुडवावी. चुरा जाड ठेवावा की बारीक, तूप आधी की वरण आधी, यावर घराघरांत मतभेद आहेत आणि प्रत्येकजण आपलाच हात खरा मानतो. चिनी गिऱ्हाईक चिमट्याने जे करतो तेच आपला शेतकरी पाच बोटांनी करीत आला आहे. फरक एवढाच, की येथे काटा नाही आणि दुसऱ्यांदा रस्सा मागितला तर घरच्या बाईचा चेहरा खुलतो.

शहरात या कुस्करण्याला मांड्याची जोड मिळते. खानदेशात 'मांडे' म्हटले म्हणजे पालथ्या खापरावर भाजलेली पुरणाची पोळी डोळ्यांपुढे येते. बुऱ्हाणपूरचा मांडा पुरणाचा नव्हे. तो गव्हाच्या पिठाचा, हातावर झेलून झेलून धोतराएवढा पसरविलेला आणि पालथ्या कढईवर क्षणभरात भाजून रुमालासारखी घडी घातलेला असतो. एक मांडा दोघांचौघांस पुरावा. मुसलमान कुटुंबांतील लग्नकार्यांत मांडे आणि मांसाचा रस्सा हे ठरलेलेच. मांडा करणाऱ्याचे कसब पाहण्यासारखे असते: पीठ हवेत जाते, वर्तुळ वाढत वाढत मनगटाच्या बाहेर लोंबू लागते, आणि आता फाटणार असे वाटते त्याच क्षणी ते कढईवर अलगद उतरते. जेवण संपल्यावर माव्याची जिलबी. ती आपल्या नेहमीच्या जिलबीसारखी कुरकुरीत व पिवळी नसते; माव्यामुळे ती गडद, जाड आणि मऊ होते. बुऱ्हाणपूरचे नाव तिने मुंबईपर्यंत पोहोचविले आहे.

परंतु या शहरातील ज्या भोजनाने आम्हांस सर्वांत अधिक विचारात पाडले, त्यात वाटी कोणाचीच नसते. बुऱ्हाणपूर हे दाऊदी बोहरा समाजाचे मोठे यात्रास्थान आहे. १७३० साली दिवंगत झालेले त्यांचे साधुपुरुष सैयदी अब्दुल कादिर हकीमुद्दीन यांची पांढरीशुभ्र कबर येथे असून तिला 'दरगाह-ए-हकीमी' म्हणतात. देशोदेशींचे बोहरा यात्रेकरू येथे येतात, त्यांच्या राहण्याजेवण्याची व्यवस्था आवारातच असते, आणि ते जेवतात आपल्या रिवाजाप्रमाणे, एका थाळातून.

जमिनीवर चौकोनी कापड अंथरतात, त्यावर बैठकीची तिवई आणि तिच्यावर भला मोठा वाटोळा थाळ. त्याच्याभोवती आठ माणसे गुडघा मोडून बसतात. डोके झाकलेले असते. यजमान किंवा घरातील लहान मूल तांब्या आणि तस्त घेऊन येते व प्रत्येकाच्या हातावर पाणी घालते. सर्वजण येऊन बसल्यावाचून आरंभ नाही. पहिला पदार्थ मीठ. देवाचे नाव घेऊन चिमूटभर मीठ जिभेवर ठेवावयाचे आणि शेवटही मिठानेच करावयाचा. मग गोड, मग खारे, पुन्हा गोड, पुन्हा खारे असा क्रम. पदार्थ थाळाच्या मध्यभागी येतो आणि प्रत्येकाने आपल्या समोरच्याच बाजूने घ्यावयाचे. थाळात एक कणही टाकून उठणे हा दोष समजतात. मेजवान्यांत शेवटच्या दाण्यापर्यंत लक्ष ठेवणारे स्वयंसेवकही असतात.

या थाळात रस्साही येतो. डाळीचे आणि भाताचे थर देऊन केलेल्या भातावर 'पलीदू' नावाची आमटी घेतात. तुरीची डाळ शिजविल्यावर निथळलेले पाणी फेकून न देता त्यात बेसन, शेवग्याच्या शेंगा आणि आमसुलाचा आंबटपणा घालून ती करतात. डाळ भातात गेली, तिचे पाणी आमटीत गेले. वाया काहीच गेले नाही. काटकसर ही रुचीची वैरीण नव्हे, हे आपल्या गृहिणींना वेगळे सांगावयास नकोच.

वाचकहो, आता हे दोन वाढे शेजारी शेजारी ठेवून पाहा. एकीकडे चिनी वाडगा: मला जे हवे ते, मला हवे तेवढे, माझ्या वेळेला. एकट्याने राहणाऱ्या, शहरात दमून भागून आलेल्या माणसाला त्यात मोठे सुख आहे. कोणाची मनधरणी नको, नावडते गिळणे नको, पैसेही वजनापुरतेच. दुसरीकडे बोहऱ्यांचा थाळ: जे येईल ते सर्वांचे, आवडीचा तुकडा दुसऱ्याच्या बाजूस असला तर हात आवरावयाचा, आणि सावकाश खाणाऱ्या म्हाताऱ्यासाठी तरुणाने थांबावयाचे. पहिल्याने मनुष्यास निवड शिकविली, दुसऱ्याने वाट पाहावयास शिकविले.

आमच्या मते दोन्ही धडे खरे आहेत, परंतु आपल्या घरांतून आज त्यांतील दुसरा धडा झपाट्याने विसरला जात आहे. पोराला भाजी नको म्हणून त्याचे निराळे, मुलगी उशिरा येते म्हणून तिचे झाकून ठेवलेले, वडील बातम्या पाहत जेवतात, आणि आई सर्वांच्या मागून उभ्या उभ्या दोन घास खाते. एकाच पातेल्यातले अन्न चार ठिकाणी जाते. अन्न पोटात जाते, पण घर जेवत नाही. आईने शिजविलेल्या भातावर कोणी काय घ्यावे हे ज्याचे त्याने ठरवावे. त्यात कोणाचेही नुकसान नाही. मात्र प्रार्थना होईपर्यंत थांबणे, शेवटचा माणूस बसेपर्यंत हात आखडता घेणे, हे सोडले म्हणजे खाणावळ आणि घर यांत उरले काय? खाणावळीतही पदार्थ चांगले असतात.

बुऱ्हाणपुरात आणखी एक स्थळ आहे, आणि तेथे गेल्यावाचून हा विचार पुरा होत नाही. रस्सा झाला तरी तो मुळात पाणीच. खानदेशी काळा रस्सा असो, पलीदू असो, की यांगत्सेकाठचे ते पहिले भांडे असो, मिरची-मसाला मागाहून येतो. हे पाणी या शहराला कोठून मिळाले? तापी शेजारी असली तरी उंच काठावर वसलेल्या आणि वेढ्यांच्या भयाने राहणाऱ्या शहराला ती पुरेशी नव्हती. तेव्हा १६१५ साली, अब्दुर्रहीम खानखानान येथे सुभेदार असताना, तब्कुतुल अर्झ नावाच्या इराणी भूजलतज्ज्ञाने सातपुड्याकडून तापीकडे जमिनीखालून झिरपणारे पाणी हेरले. उतार साधून भुयार खणले, ठराविक अंतरावर वर उघडणाऱ्या विहिरींसारख्या कुंड्या ठेवल्या, आणि ते पाणी कोणत्याही यंत्रावाचून आपल्या पायाने शहरात आणले. हाच 'कुंडी भंडारा'. शंभरावर कुंड्या एकीखाली एक जोडल्या आहेत. पाळण्यात बसून सुमारे ८० फूट खाली उतरले की बोगद्यात गुडघाभर स्वच्छ पाणी वाहताना दिसते. त्याच्या किंचित लालसर छटेवरून लोक त्यास 'खूनी भंडारा' असेही म्हणतात. मूल भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण ही अशाच आणखी योजनांची नावे. २०२४ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत खूनी भंडाऱ्याचा समावेश झाला.

परंतु यादीत नाव आल्याने पाणी वाहत नाही. भुयाराच्या भिंतींवर चुन्याचे थर चढत जातात व वाट अरुंद होते. ते खरवडून काढावे लागतात. कुंड्यांत माती आणि कचरा पडू न देण्याची दक्षता घ्यावी लागते. वरच्या अंगाला डोंगर उघडे पडले किंवा ज्याने त्याने आपल्या आवारात खोल खोल विंधनविहिरी घेतल्या, तर सर्वांच्या भुयारातले पाणी ओसरते. ज्याची विहीर खोल त्याचे त्या दिवशी भागते. हिशेब पुढे सर्वांना चुकवावा लागतो. आपापल्या खेड्यांत बावखले बुजताना आणि गोड्या विहिरी मचूळ होताना ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांस हे अधिक सांगावयास नको.

चारशे वर्षांपूर्वी त्या इराणी गृहस्थाने आपल्या एकट्याच्या घड्यापुरते पाणी शोधले असते, तर बुऱ्हाणपुरात आज त्याचे नाव कोणी घेतले नसते. त्याने सर्वांसाठी खणले, म्हणून प्रत्येकाला आपापली वाटी भरता आली. वाटीत काय घ्यावे हे खुशाल ज्याचे त्याने ठरवावे. पातेले मात्र एकत्र सांभाळावे लागते, आणि ते भरणारा झराही. बुऱ्हाणपुरास कधी जाणे झाले तर माव्याची जिलबी अवश्य खा, मांडा हवेत उडताना पाहा; पण परत फिरण्यापूर्वी त्या भुयारात एकदा उतरा आणि ओंजळभर पाणी हातांत घेऊन पाहा.